उजवं पाऊल कोणत्या बाजूला होतं?

सप्टेंबर १५२३. यरुशलेमला आलेल्या एका स्पॅनिश यात्रेकरूला तिथल्या फ्रान्सिस्कन संन्याशांनी परतीच्या वाटेला लागायला सांगितलं. त्याला आयुष्यभर तिथेच राहायचं होतं. पण प्रदेश तुर्कांच्या अमलाखाली, यात्रेकरूंना पळवून खंडणी मागण्याची भीती कायमची, आणि हा तर निष्कांचन, पायाने अधू. ऐकेना, तेव्हा संन्याशांच्या प्रमुखाने धर्मबहिष्काराची ताकीद दिली आणि तो मुकाट्याने कबूल झाला. मात्र निघण्यापूर्वी कुणाला न सांगता, वाटाड्या न घेता तो एकटाच जैतुनाच्या डोंगरावर गेला. तिथे एक शिळा आहे. येशूचं स्वर्गारोहण या शिळेवरून झालं आणि त्याच्या पावलांचे ठसे तिच्यावर उमटले, अशी श्रद्धा आहे. पहारेकऱ्यांनी अडवलं, तेव्हा लेखणी तासायचा चाकू त्यांच्या हातावर ठेवून तो आत गेला. प्रार्थना झाली, मन भरलं, तो खाली उतरून जवळच्या बेथफगे गावी पोचला. तिथे त्याच्या ध्यानात आलं, की उजवं पाऊल कोणत्या बाजूला होतं आणि डावं कोणत्या, हे आपण नीट पाहिलंच नाही. तो पुन्हा डोंगर चढला. या खेपेला पहारेकऱ्यांना कात्री मिळाली.

हा यात्रेकरू म्हणजे लोयोलाचा इग्नेशियस, पुढे येशूसंघ स्थापन करणारा संत. उतारवयात ही हकिकत त्याने आपल्या एका सहकाऱ्याला सांगितली, तीही तृतीयपुरुषात, स्वतःला केवळ ‘यात्रेकरू’ म्हणत. पावलांच्या दिशेवरून एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणालाही वाटेल. मला त्यात त्याच्या सगळ्या प्रार्थनापद्धतीचं बीज दिसतं. पावलं कुठे वळलेली होती हे कळलं, की जाता जाता येशू कुणीकडे तोंड करून उभा होता हे कळतं. आणि ते कळलं, की डोळे मिटल्यावर त्याच्यासमोर नेमकं कुठे उभं राहायचं तेही कळतं. ख्रिस्ती परंपरेत कल्पनेच्या साहाय्याने प्रार्थना करण्याची एक जुनी, काटेकोर आणि अजून जिवंत असलेली रीत आहे. तिला आज जगभर ओळखलं जातं ते मुख्यतः या माणसामुळे.

तो मुळात साधुवृत्तीचा नव्हता. स्पेनच्या बास्क भागात १४९१ साली एका सरदार घराण्यात जन्मला, दरबारात वाढला, तलवार आणि मानमरातब यांच्या मागे लागला. २० मे १५२१ रोजी पॅम्पलोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांशी लढताना तोफेचा गोळा लागून त्याचा उजवा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं आणि गुडघ्याखाली पुढे आलं. उंच तंग बूट घालता यावा म्हणून त्याने ते शुद्धीत असताना कापून घेतलं. मग कित्येक महिने अंथरुणावर. वेळ घालवायला त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. वाड्यात त्या नव्हत्या. मिळाली ती दोनच पुस्तकं: संतांची चरित्रं आणि लुडॉल्फ या चौदाव्या शतकातल्या संन्याशाने लिहिलेलं ख्रिस्तचरित्र. हे दुसरं पुस्तक निव्वळ चरित्र नव्हतं. प्रत्येक प्रसंगी आपण तिथे हजर आहोत असं समजून पाहा, ऐका, असं ते वाचणाऱ्याला सांगत होतं.

अंथरुणावर पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. एकात कुणी थोर घराण्यातली स्त्री असे; तिच्यासाठी कोणता पराक्रम करायचा, तिच्याशी काय बोलायचं, यात तासन्‌तास जात. दुसऱ्यात संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी जे केलं ते आपण केलं तर कसं होईल, याची चित्रं असत. दोन्ही रंगवताना आनंद सारखाच. पण हळूहळू त्याला एक फरक जाणवला. पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं, असमाधानी होई; दुसरं ओसरल्यावरही प्रसन्नता टिकून राही. इग्नेशियसचा खरा शोध मला वाटतो तो हा. कल्पना तर सगळेच करतात. कल्पना संपल्यावर मागे काय उरतं, याकडे त्याने लक्ष दिलं.

प्रसंगात शिरून प्रार्थना करणं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. बाराव्या शतकात एल्रेड या इंग्लंडमधल्या मठाधिपतीने एकांतवासात राहणाऱ्या आपल्या बहिणीसाठी लिहून ठेवलं, की मरियेच्या खोलीत जा, तिच्यासोबत देवदूताची वाट पाहा. १२२३ च्या नाताळात असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावाजवळ गव्हाण मांडली, गवत पसरलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं आणि तिथेच मिस्सा करवली. बेथलेहेमची गैरसोय, थंडी, जनावरांची ऊब हे लोकांना डोळ्यांनी पाहता यावं, एवढंच त्याला हवं होतं. आज वसईत, गोव्यात, मुंबईत घरोघरी नाताळचा गोठा मांडतात, त्यामागे तीच ओढ आहे. रोझरीची माळ ओढणारी आजी प्रत्येक दशकाला येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरते. उपासाच्या दिवसांत क्रुसाच्या वाटेच्या चौदा स्थानांपाशी लोक थांबत थांबत जातात. कल्पनेची प्रार्थना म्हटलं की काहीतरी नवं, मानसशास्त्रातून आलेलं खूळ असेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरात ती बहुधा पिढ्यान्‌पिढ्या चालू असते.

इग्नेशियसने या ओढीला शिस्त दिली. १५२२-२३ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी जवळजवळ वर्षभर राहून त्याने जे अनुभवलं, त्याची टिपणं पुढे वाढत गेली आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांच्या मान्यतेने ‘आध्यात्मिक साधना’ या नावाने छापली गेली. लहानसं पुस्तक आहे. कुणी ते नुसतं वाचायला घेतलं तर निराश होईल, कारण ते वाचण्यासाठी लिहिलेलंच नाही. वहीत उतरवलेले तबल्याचे बोल जसे कुणी वाजवल्याशिवाय तबला होत नाहीत, तसं त्याचं आहे. साधना करणाऱ्याच्या हाती ते द्यायचं नसून साधना करवून घेणाऱ्याने जवळ ठेवायचं, अशीच त्याची रचना आहे. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची, चार ‘आठवड्यां’त विभागलेली. पहिल्यात आपलं पाप आणि देवाची दया, दुसऱ्यात येशूचं आयुष्य, तिसऱ्यात त्याचे हाल आणि मरण, चौथ्यात पुनरुत्थान. ज्याला संसार आणि नोकरी सोडून महिनाभर जाता येत नाही, त्याच्यासाठी रोज थोडा वेळ काढून कित्येक महिने चालणारी रीतही पुस्तकातच सांगितली आहे.

येशूच्या जन्माचा प्रसंग तो कसा देतो ते पाहण्यासारखं आहे. आधी जागा उभी करायची. नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता किती लांब, किती रुंद आहे? सपाट आहे, की दऱ्याडोंगरांतून जातो? मग ती गुहा: मोठी की लहान, छत उंच की ठेंगणं, आत काय काय ठेवलेलं? उत्तरं तो स्वतः देत नाही, ती ज्याची त्याने शोधायची. मग माणसं: मरिया, योसेफ, एक दासी आणि जन्माला आलेलं बाळ. या दासीचा शुभवर्तमानात कुठे उल्लेख नाही. इग्नेशियसने ती बिनदिक्कत आणली आहे. आणि पुढे तो साधकालाही आत आणतो. तू त्यांच्या घरातला गरीब गडी हो, म्हणतो. त्यांना काय हवं नको ते बघ. यानंतर ते काय बोलतात ते ऐकायचं, काय करतात ते पाहायचं. दिवसातली शेवटची बैठक पंचेंद्रियांची. पाहणं आणि ऐकणं तर आहेच, पण वास आणि चवही घ्यायची, आणि त्या माणसांनी जिथे पाऊल ठेवलं, जिथे ती बसली, त्या जागांना हात लावायचा. जैतुनाच्या डोंगरावरच्या शिळेकडे परत धावणारा माणूस इथे ओळखू येतो.

बैठकीच्या शेवटी मात्र प्रसंग बाजूला ठेवून सरळ बोलायचं, मित्र मित्राशी बोलतो तसं. आणि उठल्यावर साधारण पाव तास, बसून किंवा येरझाऱ्या घालत, काय काय झालं ते तपासायचं. कुठे मन ओढलं गेलं? कुठे कंटाळा आला, कुठे अंग चोरलं? पुढच्या बैठकीत त्याच जागी परत जायचं. नव्या प्रसंगामागे धावायचं नाही.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहायला मार्काच्या शुभवर्तमानातला बार्तीमयाचा प्रसंग घेऊ. यरीहो गावाबाहेर रस्त्याच्या कडेला बसलेला आंधळा भिकारी. येशू चालला आहे असं कानावर येतं आणि तो ओरडू लागतो. लोक त्याला गप्प बसवतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलवायला सांगतो. बार्तीमय अंगावरचं पांघरूण फेकून उठतो. येशू त्याला विचारतो की तुझ्यासाठी मी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. दृष्टी हवी, असं तो म्हणतो, आणि ती मिळाल्यावर त्याच वाटेने येशूच्या मागे जातो.

एकदा वाचून पुस्तक मिटावं. धूळ, ऊन, यात्रेला निघालेल्या गर्दीचा कालवा, घामाचा वास हे हळूहळू येऊ द्यावं. आणि मग आपण कुठे आहोत ते पाहावं. बहुतेकांना वाटतं की आपण बार्तीमय होऊ. पण कल्पना मोकळी सोडली की भलतंच घडतं. कुणी गर्दीत असतो आणि त्या ओरडणाऱ्याला दटावणाऱ्यांत आपलाही आवाज आहे हे त्याच्या ध्यानात येतं. घरातल्या कुणाला तरी आपण असंच गप्प करत आलो आहोत, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. कुणी ते पांघरूण घट्ट धरून बसतो, कारण भिकाऱ्याची तेवढीच मालमत्ता आहे. कुणी येशूसमोर जाऊन उभा राहतो आणि काय हवं या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तरच नसतं. असं अडखळणं म्हणजे प्रार्थना फसली असं मुळीच नव्हे. ती तिथूनच सुरू झाली. प्रवचनातून हीच गोष्ट शंभरदा ऐकली तरी आपण तिच्या बाहेर राहू शकतो. आत गेल्यावर कुठे तरी उभं राहावंच लागतं, आणि आपण कुठे उभे राहिलो हे आपल्याबद्दल बरंच काही सांगून जातं.

मराठी वाचकाला यावरून मानसपूजा आठवेल, आणि नातं आहेच. पण फरकही लक्षात घ्यावा. मानसपूजेत भक्त मनातल्या मनात देवाला स्नान घालतो, फुलं वाहतो, नैवेद्य दाखवतो. उपचारांचा क्रम ठरलेला असतो. इथे समोर घडणारा प्रसंग आहे, त्यात दुसरी माणसं आहेत, आणि येशू आपल्याकडे वळून काय करील हे आधी ठाऊक नसतं.

ही साधना आपल्याकडे फार लवकर पोचली. पॅरिसमध्ये इग्नेशियसच्या देखरेखीखाली ती केलेला फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. १५७९ मध्ये आलेला इंग्रज येशूसंघीय थॉमस स्टीफन्स याच साधनेत घडलेला होता. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं: जवळपास अकरा हजार ओव्या, मराठीत. सिद्धान्त शिकवायला त्याच्याकडे प्रश्नोत्तरांचं पुस्तकही होतं. पण लोकांनी येशूचं आयुष्य ऐकत ऐकत डोळ्यांपुढे आणावं यासाठी त्याने पुराण निवडलं, जे या मातीत माणसं शतकानुशतकं तसंच ऐकत आली होती.

आपल्याच काळात हे काम मुंबईत जन्मलेल्या फादर अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) यांनी पुढे नेलं. इग्नेशियसची साधना करवून घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पुण्यात त्यांनी ‘साधना’ संस्था सुरू केली, नंतर ती लोणावळ्याला गेली. १९७८ मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘साधना’ या इंग्रजी पुस्तकात श्वासाचं भान, कल्पना आणि भक्ती असे एकामागून एक पाठ आहेत. त्यातला एक रिकाम्या खुर्चीचा: समोर खुर्ची ठेवा, येशू तिच्यावर बसला आहे असं समजा आणि बोला. दुसरा आविलाच्या संत तेरेसेकडून घेतलेला: येशू तुमच्याकडे पाहतो आहे, प्रेमाने आणि नम्रतेने, एवढंच पाहा. प्रेमाने पाहणारा येशू लोकांना चालतो; आपल्याकडे नम्रतेने पाहणारा येशू कल्पनेत आणणं अनेकांना जड जातं, हे डिमेलोंनी अचूक हेरलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही लिखाणाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. पण त्यांचं हे पहिलं पुस्तक मी तरी प्रार्थना शिकवणाऱ्या उत्तम पुस्तकांत धरतो.

आता मोठा आक्षेप. डोळे मिटून आपणच येशू उभा करायचा, त्याच्या तोंडी आपणच शब्द घालायचे, आणि देव बोलला म्हणायचं. हे मनाचे खेळ नव्हेत काय? ख्रिस्ती परंपरेतच हा प्रश्न फार कडकपणे विचारला गेला आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे साधनागुरू प्रार्थनेत चित्रं येऊच देऊ नका असं बजावतात. त्यांच्या मते तिथूनच भ्रम शिरतो. क्रुसाचा संत योहान हा सोळाव्या शतकातला स्पॅनिश संत-कवी म्हणतो की चित्रं सुरुवातीला उपयोगी आहेत, पण देव जवळ येऊ लागला की ती सोडून द्यावी लागतात, कारण देव कुठल्याच चित्रात मावत नाही. सगुण आणि निर्गुण हा वाद तिथेही आहे, आणि तिथेही अनेकांनी दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत.

इग्नेशियसला या धोक्याची जाणीव पुस्तकांतून झाली नव्हती. मान्रेसाला असताना त्याला भरदिवसा हवेत एक आकृती दिसत असे. सापासारखी, अतिशय देखणी, डोळ्यांसारखे असंख्य ठिपके चमकत असलेली. ती दिसली की बरं वाटे, नाहीशी झाली की मन खट्टू होई. हे पुष्कळ दिवस चाललं. पुढे एकदा क्रुसासमोर गुडघे टेकलेले असताना ती पुन्हा दिसली, पण तिथे तिचा रंग फिका होता. हे सैतानाचं काम आहे, असा त्याने निर्णय केला आणि त्यानंतर ती आली की हातातल्या काठीने तो तिला हाकलून देई. कल्पनेवर एवढी भिस्त ठेवणाऱ्या माणसाने स्वतःला दिसलेली सर्वांत सुंदर गोष्ट नाकारली. कसोटी तीच, आजारपणात सापडलेली: नंतर काय उरतं? धीर, प्रेम, दुसऱ्यासाठी झिजण्याची तयारी वाढली, तर कल्पनेतून देवाने काही साधलं असं मानायला जागा आहे. फुशारकी, अस्वस्थता किंवा त्याच चित्राची चटक उरली, तर ते टाकावं. शिवाय कल्पनेतल्या येशूला शुभवर्तमानातल्या येशूचं माप सतत लावत राहावं लागतं. आपल्याला हवं तेच बोलणारा, आपल्या शत्रूंचा द्वेष करणारा येशू समोर आला, तर तो आपण बनवलेला आहे.

आणि ज्यांना डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही त्यांनी काय करायचं? अशी माणसं आहेत. मनात चित्र न उमटण्याच्या या अवस्थेला २०१५ मध्ये ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अफँटेझिया’ हे नाव दिलं. आविलाची तेरेसा (१५१५-१५८२) हिने तर स्वतःबद्दलच लिहून ठेवलं आहे की आपली कल्पनाशक्ती अगदी अधू आहे. अंधारात कुणाशी बोलावं, तो तिथे आहे हे पक्कं माहीत असावं पण दिसू नये, तशी तिची प्रार्थना चाले. तरीही रोज रात्री झोपण्यापूर्वी गेथशेमाने बागेत घाम गाळत बसलेल्या येशूपाशी थोडा वेळ जाऊन बसण्याची सवय तिने वर्षानुवर्षं सोडली नाही. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता. तो तिथे एकटा आहे एवढं तिला पुरत होतं. चित्र ठसठशीत हवं हा आग्रहच मुळात चुकीचा आहे.

विज्ञानानेही यात थोडं डोकावून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी शिकागो आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिनयार्ड या प्रोटेस्टंट चर्चमध्ये काही वर्षं काढली. तिथले लोक देवाशी बोलायला बसताना त्याच्यासाठी कॉफीचा दुसरा कप भरून ठेवत. पुढे लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरहून अधिक जणांवर प्रयोग केला. काहींना शुभवर्तमानातल्या प्रसंगांत शिरून प्रार्थना करायला लावलं, काहींना बायबलवरची व्याख्यानं ऐकायला दिली. रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, महिनाभर. प्रार्थना करणाऱ्या गटाने सांगितलं, की मनातली चित्रं अधिक स्पष्ट झाली आहेत आणि देव व्यक्तीसारखा जवळ वाटतो आहे. यातून देव आहे की नाही हे ठरत नाही, आणि लुहरमन तसा दावाही करत नाहीत. पण एक गोष्ट ठरते: ही सरावाने वाढणारी क्षमता आहे. पहिल्या दिवशी कोरडं वाटलं म्हणून उठून जाणाऱ्याला ती कळणार नाही.

कुणाला करून पाहायचं असेल, तर मार्काच्या दहाव्या अध्यायातली ४६ ते ५२ ही सात वचनं घ्या. प्रार्थनेला अर्धा तास द्या आणि नंतरची दहा-पंधरा मिनिटं काय घडलं ते लिहून ठेवा. ही शेवटची मिनिटं गाळू नका. दुसऱ्या दिवशी नवा प्रसंग शोधू नका, त्याच रस्त्यावर परत जा. जुनी जखम उघडी पडते आहे असं वाटलं, तर एकट्याने पुढे रेटू नका; रिट्रीट देणारे अनुभवी फादर किंवा सिस्टर गाठा आणि त्यांना सगळं सांगा. इग्नेशियसने ते पुस्तक साधकाच्या हाती दिलं नाही, ते याचसाठी.